बागेतच फळ्या पाडायच्या तर: घरगुती चेनसॉ मिलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने उरलीसुरली कसर काढली. तेव्हापासून कोकणात चेनसॉ घरोघरी दिसायला लागली. कोणी तिला कटर म्हणतं, कोणी नुसतं मशीन. तिलाच लोखंडी चौकट बसवून फळ्या पाडता येतात हे कळलं की प्रश्नांची रीघ लागते. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

चेनसॉ मिल म्हणजे नक्की काय?

चेनसॉने आपण लाकूड आडवं तोडतो. मिलवर तेच लाकूड लांबीच्या दिशेने चिरायचं असतं. त्यासाठी सॉच्या बारला, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीला, एक चौकट जोडतात. चौकट ओंडक्याच्या सपाट पाठीवरून सरकत जाते आणि बार तिच्याखाली ठरावीक अंतरावर, जमिनीला समांतर, लाकूड चिरत पुढे जातो. चौकट आणि बार यांच्यातलं अंतर हीच फळीची जाडी. कॅलिफोर्नियातल्या ग्रॅनबर्ग कंपनीने अशी चौकट ‘अलास्कन मिल’ या नावाने विकली आणि जगभर या प्रकाराला तेच नाव पडलं. दुसरा प्रकार रुळावरचा. त्यात ओंडका जागेवर राहतो आणि सॉ बसवलेला गाडा रुळावरून फिरतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

त्यापेक्षा ओंडका आरागिरणीत नेला तर?

नेता येत असेल तर खुशाल न्या, हे मनापासून सांगतो. गिरणीच्या बँडसॉचं पातं दोन-अडीच मिलिमीटर लाकूड खातं. चेन आठ-नऊ मिलिमीटर खाते. २७ मिलिमीटरच्या फळ्या पाडत असाल तर चेनसॉ मिलवर दर तीन चिरांमागे एक अख्खी फळी भुशात जाते. वेळही जास्त लागतो. आठ फुटी, पंधरा इंच रुंद अशा ओल्या फणसाच्या एका चिरेला साठ सीसीच्या सॉवर आठ-दहा मिनिटं धरून चाला.

मग ही मिल कोणासाठी? ज्यांचा ओंडका डोंगरउताराच्या बागेत, चार मजगी खाली, टेम्पो पोचणार नाही अशा जागी पडला आहे त्यांच्यासाठी. जुन्या फणसाचा एक आठ फुटी ओंडका सहज चारशे किलोंचा भरतो. तो वर रस्त्याला आणायचा तर आठ माणसं, दोर, वासे आणि दिवसभराची मजुरी लागते. त्याच्याच फळ्या पाडल्या तर एकेक फळी दोघंजण खांद्यावरून घेऊन जातात. माझ्या मते मिलचा खरा फायदा एवढाच आहे. आता लाकडाचा धंदा सुरू करू, असं वाटत असेल तर हे साधन तुमचं नव्हे.

झाड माझं, बाग माझी. तरी परवानगी लागते का?

तोडण्यासाठी बहुतेक वेळा लागते. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, चंदन अशी आपल्या परसातली बरीचशी झाडं आहेत. शहरी भागाला १९७५ चा वेगळा कायदा आहे, गोव्यात १९८४ चा. वादळात आपोआप पडलेल्या झाडाचाही पंचनामा आणि फोटो ठेवा, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर बोलायला जागा राहते. लाकूड बागेबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासाची चौकशी आधीच करा. टेम्पो नाक्यावर अडल्यावर धावपळ करून काही होत नाही.

चिरण्याचं काय, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. जंगलतोडीबाबतच्या सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ नंतरच्या आदेशांमुळे विनापरवाना आरागिरणी चालवता येत नाही. यंत्राने लाकूड चिरणं त्या व्याख्येत ओढलं जाऊ शकतं. म्हणून स्वतःच्या झाडाच्या, स्वतःच्या घरासाठीच्या फळ्या पाडायच्या असल्या तरी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारून ठेवा. आणि शेजाऱ्यांचं लाकूड पैसे घेऊन चिरायच्या भानगडीत पडू नका.

कोणती सॉ चालेल? माझ्याकडे ५८ सीसीची चिनी आहे.

चालेल, पण बारा-चौदा इंचांपर्यंतच्या ओंडक्याला आणि दमादमाने. बॉक्सवर ५८ लिहिलेलं असलं तरी सिलिंडर मोजल्यावर आकडा अनेकदा कमी भरतो. लांबीत चिरताना सॉवर येणारा ताण आडव्या तोडीच्या कितीतरी पट असतो. आडवी तोड मिनिटाभरात आटोपते. इथे आठ-दहा मिनिटं सलग फुल थ्रॉटल द्यावा लागतो. फांद्या छाटायची ३०-४० सीसीची सॉ मिलवर लावलीत तर पिस्टन चिकटणार, आज नाही तर उद्या.

पंधरा-अठरा इंची कामाला ७० सीसीच्या आसपासची सॉ असली की जीव स्वस्थ राहतो. स्टील (Stihl) कंपनीची एमएस ३८१ (७२ सीसी) किंवा हुस्क्वार्नाची ३७२ (७१ सीसी) त्या वर्गातल्या. दोन फुटांहून रुंद चिरायचं तर ९० सीसीच्या पुढे जावं लागतं. बारच्या लांबीतले चार-पाच इंच चौकटीच्या पकडीत जातात हेही विसरू नका. २४ इंची बारने जेमतेम १९ इंचांची चीर मिळते.

विजेवरची सॉ शेडमध्ये बरी. धूर नाही, आवाज कमी. पण २००० वॉटची मोटर आणि आपल्याकडचा संध्याकाळचा व्होल्टेज यांचं जमत नाही.

ग्राइंडरला चेनसॉचा जोड लावून मिल बनवता येईल का?

नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा हा जोड मिलला तर नकोच, पण फांदी तोडायलाही नको. ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे फिरतो, त्याला चेन ब्रेक नसतो, क्लच नसतो. चेन अडकली की अख्खं यंत्र हातातून सुटतं.

चौकट कशाची बनवू? मापं काय ठेवू?

नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळेल त्यातून होते. २५ × २५ मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप घ्या. बारपेक्षा थोडे लांब असे दोन पाईप एकमेकांपासून सहा ते आठ इंचांवर समांतर ठेवून मध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करा. ही झाली ओंडक्याच्या पाठीवर सरकणारी शिडी. हे अंतर चारच इंच ठेवलं तर मिल डोलते, फूटभर ठेवलं तर चिरेच्या सुरुवातीला आणि शेवटी टेकू मिळत नाही.

दोन्ही टोकांना उभे खांब. खांब शिडीतून वर-खाली सरकले पाहिजेत आणि हव्या त्या उंचीला यू-बोल्टने आवळता आले पाहिजेत. खांबांच्या तळाशी सहा-आठ मिलिमीटर जाड पट्ट्यांची जोडी असते. बार त्यांच्यामध्ये धरून एम-८ च्या बोल्टने कसायचा. पट्ट्या चेनला कुठेही लागता कामा नयेत. बारच्या कडेपासून दहा-बारा मिलिमीटर आत राहू द्या. सॉच्या पुढचे दातेरी टेकू मात्र काढून ठेवा, नाहीतर चिरेची रुंदी उगाच कमी होते.

वेल्डिंग करताना पाईप ओढला जातो. सगळं आधी टाके मारून जोडा, कर्ण मोजा, गुण्या लावा आणि मगच पूर्ण वेल्ड भरा. शिडी काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून बघा. चारही कोपरे टेकले नाहीत तर तो पीळ तुमच्या प्रत्येक फळीत उतरणार. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे सेक्शन हलके पडतात म्हणून काहीजण तेच वापरतात. पण पातळ सेक्शन यू-बोल्टखाली चेपतो. आत लाकडाचा ठोकळा ठोकून घेतला तर टिकतो. लाकडी चौकट एकदा करून बघायला ठीक आहे. पावसाळ्यात ती फुगली की मापं गेली.

सगळ्यात महत्त्वाची मोजणी म्हणजे शिडीच्या तळापासून चेनच्या दाताच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर. इंजिनाकडे आणि नाकाकडे (बारच्या पुढच्या टोकाकडे), दोन्हीकडे, चेन ताणून मोजा. हातात टेप धरून अंदाज घेण्यापेक्षा फळीच्या मापाचा लाकडी ठोकळा मध्ये सरकवून बघणं सोपं आणि अचूक.

बारला भोकं पाडू का?

शक्यतो नको. नाकाजवळचं चाक सोडून जरा मागे पट्ट्यांनी घट्ट धरलं तर पुरतं. अगदीच इंच-दोन इंच वाढवून हवे असतील तर भोक भरीव बारलाच पाडा. तीन पत्रे जोडून केलेल्या बारला नाही. पोलाद कडक असतं, साधा ड्रिल बिट नुसता घसरतो, कार्बाइडचा लागतो. नाकाच्या चाकावर पकड बसवलीत तर बेअरिंग जळणार हे नक्की.

पहिली चीर कशी घ्यायची? ओंडका तर गोल आहे.

इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून नीट वाचा. पहिली चीर वाकडी गेली तर तिच्यावर टेकून घेतलेली प्रत्येक चीर तशीच वाकडी जाते. मिल स्वतःहून काहीही सरळ करत नाही, ती फक्त वरच्या पृष्ठभागाची नक्कल खाली उतरवते.

ओंडक्यावर आधी एक सरळ मार्ग बसवायचा. परदेशात ॲल्युमिनियमची शिडी वापरतात. आपल्याकडे ४० × ४० चे दोन चौकोनी पाईप आडव्या पट्ट्यांनी जोडून घेतले की तेच काम होतं. हा मार्ग ओंडक्यापेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर लांब हवा, म्हणजे बार लाकडात शिरण्याआधीच मिल त्यावर बसते आणि बाहेर पडतानाही घसरत नाही.

ओंडका दोन आडव्या दांड्यांवर चढवा, दोन्ही बाजूंनी पाचर ठोकून हलणार नाही असा करा. दोन्ही टोकांच्या कापलेल्या तोंडावर स्पिरिट लेव्हल धरून पेन्सिलने आडवी रेघ मारा. ती रेघ म्हणजे तुमच्या मार्गाचा तळ. दोन्हीकडच्या रेघा लेव्हलमध्ये असतील तर मार्गाला पीळ येत नाही. त्या रेघेवर लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के करून त्यांवर मार्ग टेकवा. मध्ये कुठे पोकळ राहत असेल तर तिथेही पाचर द्या, नाहीतर मिलच्या वजनाने तो मध्येच वाकतो.

आता स्क्रूंकडे बघा. लाकडात शिरलेला स्क्रूचा भाग आणि चेनची वाट यांत किमान दहा-बारा मिलिमीटर अंतर हवं. हे कागदावर लिहून मोजा. चेनने स्क्रू कापला की सगळी धार एका झटक्यात गेली.

पहिली सालीची फाक निघाली की मार्गाचं काम संपलं. पुढच्या चिरा थेट सपाट झालेल्या लाकडावरून घ्यायच्या. दीड-दोन फूट आत गेल्यावर चिरेत मागून पाचर सरकवा आणि मग दर दोन-तीन फुटांवर एकेक. प्लास्टिकची किंवा लाकडी. लोखंडी कधीच नाही.

साधी चेन चालते की वेगळी लागते?

साध्या चेनच्या दाताला ३० अंशांची धार असते, आडव्या तोडीसाठी. लांबीत चिरायला १० अंश बरे. फळी गुळगुळीत येते आणि सॉ एका बाजूला ओढत नाही. अशी लांबीत चिरायची तयार चेन (रिपिंग चेन) तालुक्याच्या दुकानात क्वचितच मिळते. म्हणून साधी चेनच दर धारेला थोडी थोडी कमी कोनात घासत न्या, चार-पाच धारांत ती दहावर येते. ३/८ पिचच्या मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस, लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटरची. दातापुढचा टेकू, ज्याला दुकानदार रेकर म्हणतात, दाताहून साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवा. घाईने जास्त घासलात तर चेन लाकूड ओरबाडते आणि इंजिन दबतं.

धार गेली हे भुशावरून कळतं. रव्यासारखा दाणेदार पडत असेल तर चालू द्या, मैद्यासारखा पडायला लागला की थांबा. एक-दोन फळ्यांनंतर धार लावावीच लागते, आणि सगळे दात एका लांबीचे ठेवायचे. धार लावायचा कंटाळा असेल तर हा उद्योगच करू नये.

पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण?

कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर चांगल्या टू-टी तेलात तेवढंच पुरतं. मिलच्या कामाला ४०:१ केलं तरी बिघडत नाही. कार्बोरेटरचा हाय स्क्रू नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा. पेट्रोल जरा जास्त गेलं की इंजिन थंड राहतं. चीर संपल्या संपल्या सॉ बंद करू नका, मिनिटभर सावकाश फिरू द्या. टाकी अर्ध्या तासाच्या आत रिकामी होते, म्हणून चीर सुरू करण्याआधी भरून घ्या.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या जुलैत हवेत दुसरं असतं तरी काय! मिश्रण पंधरा दिवसांपुरतंच करा. काम संपलं की टाकी रिकामी करून सॉ आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर पुढच्या वेळी कार्बोरेटरचा पडदा कडक झालेला सापडेल.

मिल तयार आहे, चालतेही. आता काय सुधारणा करू?

पहिली सुधारणा फुकट आहे. ओंडक्याचं एक टोक उचलून उतार द्या. मिल वरून खाली स्वतःच्या वजनाने सरकते आणि तुमचे खांदे वाचतात.

दुसरी, नाकाकडे तेल. सॉचा पंप लांब बारला पुरत नाही, नाकाकडची चेन कोरडी पडते. औषधाच्या दुकानातला सलाइनचा सेट घ्या. प्लास्टिकची बाटली चौकटीला बांधा, नळी पट्टीतून चेनच्या वर सोडा आणि सेटवरच्या चाकाने थेंब ठरवा. सेकंदाला एक थेंब बहुधा पुरे. जाड बार ऑइल त्या नळीतून उतरत नाही, २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल उतरतं. पण नवं वापरा. गॅरेजमधलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून सगळे तेच ओततात. ते कातडीला वाईट, त्यातल्या धातूच्या कणांनी बार झिजतो आणि फणसाच्या पिवळ्याधमक फळीवर डाग राहतात ते वेगळेच.

तिसरी, हँड विंच. ओंडक्याच्या दूरच्या टोकाला छोटी विंच बसवायची, तिचा दोर मिलच्या दोन्ही टोकांना इंग्रजी व्ही आकारात बांधायचा आणि मागे उभं राहून हँडल फिरवायचं. दाब सारखा राहतो, शिवाय धुरापासून चार हात लांब राहता येतं. यात थ्रॉटल बांधून ठेवावा लागतो. दोरीची गाठ मारू नका. एका झटक्यात सुटेल अशी पकड लावा.

शिडीच्या तळाला नायलॉनच्या पट्ट्या लावल्या तर ओल्या लाकडाच्या चिकावर मिल अडकत नाही. फणसाला हे हवंच.

रुळावरची मिल घरी बनते का?

बनते, आणि ज्याला वेल्डिंगची हौस आहे त्याने नक्की बनवावी. रूळ म्हणजे ५० × ५० × ६ चा अँगल, उलटा ठेवलेला, म्हणजे धार वर. त्यावर सरकत्या गेटची व्ही-खाचेची चाकं बसतात. हार्डवेअरच्या दुकानात ती सर्रास मिळतात. उलट्या अँगलवर भुसा साचत नाही, तो आपसूक खाली घरंगळतो. सपाट पट्टीवर चाकं फिरवणाऱ्यांना दर चिरेआधी झाडू घेऊन बसावं लागतं.

खरी गंमत उंची बदलण्यात आहे. गाड्याच्या चार कोपऱ्यांत चार थ्रेडेड रॉड उभे करायचे आणि ते चारही एकदम, सारखेच फिरले पाहिजेत. त्यासाठी सायकलच्या दुकानात जा. चार सारख्या दातांची फ्रीव्हील, तीन-चार जुन्या चेन. प्रत्येक रॉडच्या वर एक फ्रीव्हील आडवं बसवून चारहींभोवती एकच लांब चेन फिरवली की एका हँडलने चारही कोपरे उचलले जातात. फ्रीव्हील एका दिशेला मोकळं फिरतं हे लक्षात ठेवून आधी ते वेल्ड मारून बंद करा, नाहीतर गाडा वर जाईल आणि खाली यायला नकार देईल. लांब अंतरावर आडवी चेन लोंबते. मध्ये नायलॉनचा एखादा टेकू द्या आणि ताण द्यायला एक सरकतं चाक.

एम-१६ च्या रॉडचे आटे २ मिलिमीटरवर असतात, म्हणजे एका फेऱ्याला २ मिलिमीटर. ओली फळी २७ मिलिमीटरची आणि चेन खाणार ९, एकूण ३६. म्हणजे अठरा फेरे. एकदा हे गणित बसलं की टेप खिशात ठेवायची. नुसते फेरे मोजायचे. साध्या नटऐवजी लांब कपलिंग नट वापरा, ग्रीस लावा, आणि रॉडवर भुसा बसू नये म्हणून सायकलची फाटकी ट्यूब चढवा.

या मिलची अडचण एकच, ओंडका तिच्याकडे न्यावा लागतो. म्हणजे उताराच्या बागेसाठी पुन्हा अलास्कनच.

फळी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येते.

आधी मापाचा ठोकळा दोन्ही टोकांना लावून बघा. यू-बोल्ट कंपनाने सैल होतात, स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट लावा. तिथे ठीक असेल तर चेन काढून दात मोजा. डावे दात उजव्यांपेक्षा लहान झाले असतील तर चेन चिरेत वर चढते किंवा खाली उतरते. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्यांच्या एका बाजूची धार हमखास कमी येते.

फळीच्या मध्येच लाट दिसते तेव्हा दोन शक्यता. एक, तुम्ही तिथे थांबून पुन्हा जोर लावलात. दुसरी, बारच्या कडा झिजून चेन आत डोलते. बार उलटसुलट करत राहा आणि कडांची लव कानसने काढा. फळी कापतानाच कमानीसारखी उचलली गेली तर दोष मिलचा नाही. उतारावर कलून वाढलेल्या झाडाच्या लाकडात ताण असतो. असा ओंडका एकाच बाजूने खात जाऊ नका. दोन फळ्या काढल्या की उलटा करा.

ओंडक्यात खिळे असतील तर?

रस्त्याकडेच्या आणि घराजवळच्या झाडात असणारच. कुंपणाची तार, पाट्यांचे खिळे, कपड्यांच्या दोरीचा हूक. झाड ते सगळं पोटात घेतं. कापलेल्या तोंडावर काळानिळा पट्टा दिसला तर सावध व्हा. ऐन, बाभूळ, खैर यांच्या लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून हा रंग देतं. हिरड्याची शाई पूर्वी याच मेळातून बनायची. दारावर तपासणीला वापरतात तसा हातातला मेटल डिटेक्टर मिळाला तर प्रत्येक चिरेआधी फिरवा. वाडीतल्या जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतच्या बुंध्यावर माझा तरी कधी विश्वास नसतो.

कुठलं झाड चांगलं, कुठलं सोडून द्यावं?

फणस पहिला. चीक त्रास देतो, पण लाकूड सरळ चिरतं, वाळताना फारसं पिळवटत नाही आणि रंग वर्षागणिक गडद होतो. साग कोणाला सांगायलाच नको. शिवण हलकी आणि शहाणी. आंबा मुबलक, पण पडल्यावर महिनाभरात चिरला नाही तर निळा पडतो आणि किडा लागतो. फळ्या पाडल्या दिवशीच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी भिजवा. ऐन टणक, मजबूत, पण घाईने वाळवला तर टोकापासून उभा फाटतो. चिंचेच्या गाभ्यासाठी जीव टाकणारे सुतार आहेत. तुमच्या चेनचे दात मात्र ती खाऊन टाकते.

माडाचा बुंधा वेगळाच प्रकार. कडेचा भाग लोखंडासारखा, मधला भुसभुशीत. कडेच्याच फळ्या काढा आणि दर फळीला धार लावायची तयारी ठेवा.

माझ्या ओंडक्यात किती घनफूट लाकूड निघेल?

वखारीतलं जुनं गणित वापरा. मधल्या घेराचा चौथा भाग इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. घेर ६० इंच, लांबी ८ फूट, तर १५ × १५ × ८ ÷ १४४ = १२.५ घनफूट. प्रत्यक्षात त्या गोल ओंडक्यात जवळजवळ १६ घनफूट असतं. म्हणजे साल आणि घट धरून सुमारे एकवीस टक्के या सूत्रात आधीच सोडलेले आहेत. पण ती सोडलेली घट गिरणीच्या पात्याची आहे. चेनवर साडेबारापैकी दहा हातात आले तरी चांगलं म्हणा.

फळ्या वाळवायच्या कशा?

चिरल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा. टोकं मधल्या भागापेक्षा कितीतरी लवकर वाळतात आणि फाटतात. थप्पी जमिनीपासून फूटभर वर, जांभ्या दगडांवर. मध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दर दीड-दोन फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या बरोबर एकावर एक. एक जरी पट्टी सरकली तरी फळी तिथे वाकते. वर पत्रा, पत्र्यावर वजन. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत बुरशीचं रान माजतं.

इंचाच्या फळीला वर्षभर धरा. ऑक्टोबरात चिरलेली फळी मे महिन्यापर्यंत वापरण्याजोगी वाटते, पण जून लागला की पुन्हा ओलावा पिते. बंद दाराच्या चौकटीला ती लगेच लावणार असाल तर सुताराला आधी सांगा, तो फट किती ठेवायची ते ठरवेल.

धोके कोणते?

बारचं नाक चौकटीत असल्याने झटक्याने सॉ अंगावर उलटण्याची भीती मिलमध्ये कमी होते. तुटलेल्या चेनची भीती मात्र राहते. चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते, म्हणून तिच्या रेषेत स्वतःही उभं राहू नका आणि मदतनिसालाही उभं करू नका. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पायात बूट. चप्पल घालून हे काम करणारे रोज दिसतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. शेडमध्ये किंवा माडाच्या दाट झापांखाली धूर कोंडतो. डोकं जड झालं की सॉ बंद करून बाहेर या. एकट्याने काम करायचं नाही.

आणि ओंडका हलवण्याआधी पहारीने एकदा उलटवून बघा. खाली फुरसं असतं, इंगळी असते. हात घालायचा तो नंतर.

उरलेल्या भुशाचं काय करू?

त्यात चेनचं तेल मिसळलेलं असतं. गोठ्यात अंथरू नका, भाजीच्या वाफ्यातही नको. वाटेवरच्या चिखलात टाका. सालीच्या फाका मात्र ठेवा. त्यांची एक बाजू सपाट असते, त्यामुळे गोठ्याच्या भिंतीला आणि आंब्याच्या पेट्यांना त्या उपयोगी पडतात, आणि काहीच नाही तर चुलीला.